लिथियम बंद करून कोर्टात उभं राहू नका

तुमची पोस्ट काल रात्री दोनदा वाचली. बायकोने अर्जात तुम्हाला मनोरुग्ण म्हणत घटस्फोट मागितलाय, सहा वर्षांच्या मुलीला भेटू देऊ नये अशी विनंती केलीय, आणि तुमचे चुलतभाऊ सांगतात की गोळ्या बंद कर, आजार कधी नव्हताच असं लिहून दे. तीन वर्षं लिथियमवर, म्हणजे बायपोलरच्या गोळ्यांवर, तुमची तब्येत स्थिर आहे, असंही तुम्ही लिहिलंय. २०१९ मध्ये माझ्या मामांनी मला हाच सल्ला दिला होता. मी तो ऐकला.

मी वकील नाही, डॉक्टर नाही. बायपोलरचा, म्हणजे कधी अतिउत्साह तर कधी खोल नैराश्य आणणाऱ्या आजाराचा, पेशंट आहे आणि एका मुलीचा बाप आहे. प्रत्येक केस वेगळी असते, तेव्हा कायद्याचं जे काही खाली लिहितोय ते तुमच्या वकिलांकडून तपासून घ्या. औषधाबद्दलचं मात्र अगदी ठासून सांगतोय.

माझ्या बायकोच्या घटस्फोटाच्या अर्जाला मी कोर्टात जे लेखी उत्तर दिलं, म्हणजे ‘म्हणणं’, त्यात एक वाक्य होतं: ‘सामनेवाल्यास कोणताही मानसिक आजार नाही व नव्हता.’ वकिलांनी मसुदा वाचून दाखवला, मी मान डोलावली आणि खाली सही केली. मग ते वाक्य खरं ठरावं म्हणून एका दिवसात गोळ्या सोडल्या. लिथियम असं झटक्यात थांबवलं की आजार उलटण्याचा धोका खूप वाढतो, हे डॉक्टरांनी नक्की सांगितलं असतं. पण त्यांच्याकडे गेलो तर केसपेपरवर तारीख पडेल, म्हणून गेलोच नाही.

सातव्या आठवड्यात झोप उडाली. मला ते आजाराचं लक्षण वाटलंच नाही. उलट कित्येक महिन्यांनी अंगात जोर आलाय असं वाटत होतं. एका मंगळवारी सकाळी साडेसहाला नवी सायकल घेऊन मुलीच्या शाळेच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. तिला आत्ताच सायकल शिकवायला न्यायची म्हणून शिपायाशी हुज्जत घातली. मुख्याध्यापिका बाहेर आल्या. तेवढ्यात मुलगी रिक्षातून उतरली, तिने माझ्याकडे बघितलं आणि परत रिक्षात जाऊन बसली. त्या सकाळचं मला एवढंच नीट आठवतं. पुढच्या तारखेला शाळेचं पत्र कोर्टात आलं.

उलटतपासणीत बायकोच्या वकिलांनी मेडिकलची बिलं पुढे ठेवली, मग माझ्या रक्तातल्या लिथियमच्या पातळीचे तीन रिपोर्ट. आजार नव्हता, तर हे औषध कशासाठी घेत होता? मी गप्प. त्यानंतर मी जे खरं सांगितलं, म्हणजे मुलीला दोन वर्षं रोज शाळेत मी सोडत होतो, तिचं बालदम्याचं औषधपाणी मी बघत होतो, त्यावरही कुणाचा विश्वास बसला नाही. भेटी चौदा महिने बंद राहिल्या. आजारामुळे त्या कदाचित इतक्या लांबल्या नसत्या. माझ्या खोट्यामुळे लांबल्या असं मला ठाम वाटतं.

आणि हे खोटं बोलायची गरजच नव्हती, म्हणून जीव जास्त जळतो. हिंदू विवाह कायद्याच्या १३व्या कलमात मानसिक आजार हे कारण आहे, पण नुसतं आजाराचं नाव दाखवून भागत नाही. आजार अशा स्वरूपाचा आणि इतका असला पाहिजे की जोडीदाराने सोबत राहावं अशी अपेक्षाच करता येऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८८ साली राम नारायण गुप्ता प्रकरणात स्पष्ट केलंय. २०१३ च्या कोल्लम चंद्रशेखर प्रकरणात पत्नीला स्किझोफ्रेनिया असल्याचा आरोप होता, ती स्वतः डॉक्टर होती, आणि नवऱ्याला या कारणावर घटस्फोट मिळाला नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो की पूर्वी उपचार घेतले वा दाखल झालात, एवढ्यावरून आजची अवस्था ठरवता येत नाही. त्याच कायद्याचं १०५वं कलम वकिलांना जरूर दाखवा. कोर्टात आजाराचा पुरावा आला आणि दुसऱ्या बाजूने त्याला हरकत घेतली, तर कोर्टाने तो मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे पाठवायचा असतो. माझ्या वेळी आमच्यापैकी कुणीच हे कलम काढलं नाही.

कोर्टाने तपासणीला जा म्हटलं तर जा. शारदा विरुद्ध धर्मपाल, सर्वोच्च न्यायालयाचा २००३ चा निकाल. तपासणी नाकारली तर कोर्ट तुमच्याविरुद्ध निष्कर्ष काढू शकतं.

ताब्याचा प्रश्न घटस्फोटापेक्षा वेगळा आहे. तिथे मुलीचं हित बघतात. ती तुमच्याजवळ असताना सुरक्षित आहे का, तब्येत बिघडायला लागली तर कोणाच्या लक्षात येणार, तेव्हा तिला कोण सांभाळणार, हे विचारलं जातं. माझ्याकडे यातल्या एकाचंही उत्तर नव्हतं. तुमच्याकडे तीन वर्षांचे केसपेपर आहेत, ती तुमची कमाई आहे. डॉक्टरांकडून सध्याची स्थिती, औषध नियमित चालू आहे हे आणि शेवटचा त्रास कधी झाला ते लिहून घ्या. ‘फिट’ एवढा एक शब्द लिहिलेला दाखला उपयोगाचा नाही.

जुने कागद मात्र आजच मागा. मी ज्या रुग्णालयात दाखल होतो तिथल्या रेकॉर्ड विभागाने मला सहा खेपा घालायला लावल्या. कधी साहेब रजेवर, कधी फाईल खालच्या गोदामात, एकदा तर ‘नातेवाइकाला घेऊन या, पेशंटला देत नाही’. माझेच कागद! आपली वैद्यकीय कागदपत्रं मिळण्याचा हक्क २०१७ च्या त्याच मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या २५व्या कलमात आहे, हे मला तेव्हा माहीत असतं तर पहिल्याच दिवशी लेखी अर्ज देऊन पोच घेतली असती. डिस्चार्ज कार्ड हातात पडलं तेव्हा अंतरिम अर्जावरचा, म्हणजे केस चालू असतानाच्या तात्पुरत्या मागणीवरचा, आदेश होऊन गेला होता. त्या खिडकीवरच्या माणसाचा चेहरा आजही डोळ्यांसमोर येतो आणि संताप होतो.

माझं मत विचाराल तर घटस्फोट अडवण्यात सगळी ताकद घालवू नका. भेटीसाठी वेगळा अंतरिम अर्ज द्या आणि सुरुवातीला कोर्टाच्या आवारात, समुपदेशकांसमोर भेट मिळाली तरी घ्या. अपमान वाटतो, मलाही वाटला. पण त्या प्रत्येक भेटीची नोंद राहते, आणि पुढे मला बाहेरच्या भेटी मिळाल्या त्या या नोंदींवरच. व्हिडिओ कॉलही मागा, २०२० च्या यशिता साहू निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा संपर्काचं महत्त्व सांगितलंय. सुनावणी बंद खोलीत हवी असेल तर तसा अर्ज करता येतो.

बायकोबद्दल कडवट लिहू नका, म्हणण्यात नको आणि व्हॉट्सॲपवर तर नकोच. माझ्या मॅनियात, म्हणजे अतिउत्साहाच्या झटक्यात, घरातले पैसे उडाले, रात्री-अपरात्री ती मुलीला घेऊन शेजारी जाऊन बसली. तिची भीती खरी होती. हे मी समुपदेशकांसमोर पहिल्यांदा कबूल केलं, त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलायला लागली.

अजून एक. तारखेसाठी रात्रीच्या गाडीने प्रवास करू नका. जागरण हेच आपल्या आजाराचं सगळ्यात मोठं निमित्त. आदल्या दिवशी दुपारी पोहोचा, रात्री झोपा. एखादी रात्र फारच अवघड गेली तर १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, तिथे मराठीत बोलता येतं.

म्हणणं अजून दाखल व्हायचंय असं तुम्ही लिहिलंय. त्यात आजार नाकारणारं वाक्य असेल तर सही करायच्या आधी ते काढायला सांगा. आणि लिथियमची पातळी, किडनी, थायरॉईड शेवटचं कधी तपासलं ते इथेच कळवा. गोळ्या सोडल्या असतील तर मात्र मला उत्तर लिहीत बसू नका, आधी डॉक्टरांना फोन करा.