फडकं ओलं की कोरडं?

प्रश्न : माझा मुलगा एका हॉटेलात हाउसकीपिंगला लागला आहे. त्याच्या कामाच्या यादीत डस्ट, वाइप, मॉप, स्क्रब असे शब्द आहेत. शब्दकोशात बघावं तर सगळ्यांपुढे 'पुसणे' नाहीतर 'साफ करणे'. फरक लक्षात कसा ठेवायचा?
– एक आई, इचलकरंजी

उत्तर : त्याला म्हणावं, अर्थ पाठ करत बसू नकोस, हातात काय आहे ते बघ. हातात फडकं आणि समोर टेबल किंवा आरसा असेल तर वाइप. तेच फडकं दांड्याला लागून बादलीत बुडालं आणि फरशीवरून फिरलं की मॉप. आपल्याला दोन्हीकडे 'पुसणे' पुरतं. आपण लादी पुसतो, डोळे पुसतो, फळा पुसतो, जुनी माणसं तर ख्यालीखुशालीही पुसायची. इंग्रजीत डोळे 'वाइप' होतात, 'मॉप' केलेत तर डोळ्यांना पूर आला होता असं वाटेल. आणि 'वाइप द फ्लोअर विथ' म्हणून पुढे एखाद्याचं नाव घेतलं, तर तिथे फरशीचा संबंधच नाही. त्याला सपशेल धूळ चारली, एवढाच अर्थ.

'डस्ट'मध्ये बघायचं ते काढायचं काय आहे. धूळ. म्हणून कपाटाची फळी, दिव्याची शेड, तसबिरीची चौकट डस्ट करायची. सांडलेला चहा डस्ट होत नाही, तो वाइप. मुलाच्या यादीत कधी 'डॅम्प डस्टिंग' आलं तर गोंधळू नये. फडकं ओलसर करून घट्ट पिळायचं, म्हणजे धूळ उडत नाही, फडक्यालाच चिकटते. फडकं ओलं झालं तरी क्रियापद बदललं नाही, कारण शत्रू तोच. हे काम वरून खाली करत यायचं आणि फरशी शेवटी घ्यायची. हे इंग्रजी नव्हे, पण दिवाळीच्या साफसफाईत जळमटं आधी काढतात हे तुम्हीच त्याला शिकवलं असणार.

'स्क्रब'ला जोर लागतो. ब्रश घेऊन बाथरूमच्या टाइल्सच्या फटी घासणे, ते स्क्रब. माझी आई करपलेलं दुधाचं पातेलं पालथं घालून राख आणि काथ्याने घासायची, तेव्हा तिच्या काचेच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकवलेल्या असायच्या. खरखरीत काहीतरी घेऊन तसं घासण्याला इंग्रजीत 'स्कावर' म्हणतात. मग 'रिन्स'. इथे मात्र आपण श्रीमंत. आपण पेला विसळतो, कपडे खंगाळतो, चूळ भरतो. इंग्रजीत तिन्हींना रिन्स चालतं. यादीत रिन्स दिसलं की समजायचं, साबणाचा बुळबुळीतपणा उरता कामा नये.

आणखी एक. तीस वर्षं उत्तरपत्रिका तपासताना 'आय क्लीन्ड द डस्ट' या वाक्याखाली मी किती लाल रेघा मारल्या असतील! 'मी धूळ साफ केली' हे मराठीत बिनचूक आहे, म्हणून मुलं फसतात. इंग्रजीत नुसतं 'क्लीन' म्हटलं की पुढे वस्तू हवी, मळ नको: क्लीन द शेल्फ. मळाचं नाव घ्यायचंच असेल तर 'क्लीन ऑफ' किंवा 'क्लीन अप' म्हणा. 'वाइप' बिचारं सोशिक आहे. वाइप द टेबल म्हणा नाहीतर टेबलावरचे कण वाइप करा, थोडी 'ऑफ'ची मदत घेऊन दोन्ही चालतं.

प्रश्न : 'वॉश' आणि 'वॉश अप' एकच ना?
– एक वाचक, वाई

उत्तर : मीही तसंच समजत होते. 2011 साली मुलीकडे लेस्टरला गेले होते. शेजारच्या बाईंनी जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर त्या म्हणाल्या, 'शाल वी वॉश अप?' मी आज्ञाधारकपणे बाथरूममध्ये गेले, हातपाय-तोंड धुऊन, केस सारखे करून आले. तोवर त्यांनी एकटीने सगळी भांडी घासून निथळत ठेवली होती. ब्रिटनमध्ये वॉशिंग-अप म्हणजे भांडी आणि नुसतं 'द वॉशिंग' म्हणजे धुणं. माझा अर्थ अगदीच हवेतला नव्हता, अमेरिकेत 'वॉश अप' म्हणजे हाततोंड धुणंच. फक्त मी चुकीच्या देशात धुतले.

प्रश्न : केकच्या कृतीत शेवटी 'डस्ट विथ शुगर' लिहिलं आहे. साखर झटकायची का?
– एक वाचिका, पणजी

उत्तर : नको हो, भुरभुरवायची. पिठीसाखर चाळणीतून केकवर. 'डस्ट' म्हणजे धूळ काढणे आणि धुळीसारखं काही पसरणे, दोन्ही. 'विथ' दिसलं की पसरायचं. हसू नका, आपण नाही का नारळ 'वाढवतो' आणि दुकान 'वाढवून' घरी येतो?

प्रश्न : ड्राय क्लीनिंगला कपडा खरंच कोरडाच ठेवतात?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. कपडा चांगला भिजतो, पण पाण्यात नव्हे, तेलकट डाग विरघळवणाऱ्या रसायनात. ड्राय डेला जशी दारू नसते, तसं इथे पाणी नसतं. म्हणून कपडा देताना डाग तेलाचा की सरबताचा, ते दुकानात सांगा. सरबताच्या साखरेला ते रसायन फारसं जुमानत नाही, तिची सोय त्यांना वेगळी करावी लागते.