वाचकांचे प्रश्न : इटलीच्या डोंगरांत दोन वर्षे कशासाठी?

प्रश्न : माझे पणजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीत होते. त्यांचे ‘इटली स्टार’ हे पदक आम्ही जपून ठेवले आहे. जर्मनीवर चालून जाण्याचा जवळचा रस्ता फ्रान्समधून होता, तर दोस्त राष्ट्रांनी इटलीच्या डोंगरांत एवढा काळ का घालवला?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : तुमची शंका रास्त आहे, आणि युद्ध चालू असतानाच अमेरिकेचे सेनाप्रमुख जॉर्ज मार्शल यांनी ती वारंवार मांडली होती. इंग्लिश खाडी ओलांडून शक्य तितक्या लवकर फ्रान्समध्ये उतरावे आणि भूमध्य समुद्राकडे सैन्य गुंतवू नये, असे त्यांचे मत होते. ब्रिटिशांनी मात्र पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या भूमीवर एक पिढी गमावली होती आणि १९४० मध्ये डंकर्कहून माघार घेतली होती. त्यामुळे जर्मन फौजा आधी इतरत्र विखुरल्याशिवाय खाडी ओलांडण्यास चर्चिल आणि सेनाप्रमुख ॲलन ब्रुक तयार नव्हते. जानेवारी १९४३ मध्ये कासाब्लांका परिषदेत सिसिलीवर स्वारी करण्याचा तोडगा निघाला, कारण आफ्रिकेतले सैन्य तिथली मोहीम संपल्यावर रिकामे बसवून ठेवणे कोणालाच परवडणारे नव्हते. पुढेही ही मोहीम अशा एकेका तडजोडीतूनच सरकत गेली.

सुरुवातीचा लाभ मोठा होता. १० जुलैला सिसिलीत सैन्य उतरले, २५ जुलैला मुसोलिनीची सत्ता गेली आणि ८ सप्टेंबरला इटलीची शरणागती जाहीर झाली. फोजाचे विमानतळ मिळाल्याने रुमानियातील तेलक्षेत्रे बॉम्बफेकी विमानांच्या सहज टप्प्यात आली. पण हिटलरने इटलीतून सैन्य काढले नाही, आणि त्याचा सेनापती केसेलरिंग याने डोंगर व नद्या यांच्या आधाराने एकामागून एक फळी लढवली. सालेर्नो ते रोम हे अंतर साधारण सोलापूर ते पुणे एवढेच आहे. आपल्या वाटेवर सीना आणि भीमा ओलांडल्या की फारसा अडथळा उरत नाही. तिथे मात्र नदीमागून नदी आडवी येत होती आणि पलीकडच्या उंचीवर जर्मन तोफा रोखलेल्या होत्या. ९ सप्टेंबर १९४३ ला सालेर्नोला उतरलेल्या सैन्याला रोम गाठायला ४ जून १९४४ उजाडला. वाटेत मोंते कासिनोवर चार वेळा हल्ला चढवावा लागला आणि त्यात चौथ्या भारतीय डिव्हिजनची अतोनात हानी झाली.

रोम पडले आणि दोनच दिवसांनी नॉर्मंडीची स्वारी सुरू झाली. स्टालिन यांनी १९४३ च्या अखेरीस तेहरान परिषदेत फ्रान्सचाच आग्रह धरला होता आणि रूझवेल्ट यांनी तो उचलून धरला होता. म्हणून ऑगस्ट १९४४ मध्ये दक्षिण फ्रान्समध्ये उतरण्यासाठी इटलीतून सात डिव्हिजन काढून घेतल्या गेल्या, तेही जर्मन मागे हटत असताना. मागे राहिलेल्या अपुऱ्या सैन्यात आपली माणसे होती. कुलाबा जिल्ह्यातील यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनच्या मोर्चावर धावून गेले आणि तिथेच कामी आले. नगर जिल्ह्यातील नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर दोन जखमी सोबत्यांना गोळीबारातून वाचवले आणि मग शत्रूचे तीन मोर्चे उद्ध्वस्त केले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीत जर्मन फौजा अडकून पडल्या हे खरे, पण दोस्तांच्याही अडकल्या. त्यामुळे पहिल्या काही महिन्यांनंतर ही मोहीम तिच्या किमतीला उतरली, असे मला म्हणवत नाही. आणि ही किंमत ठरवणाऱ्या परिषदांत भारताला स्थान नव्हते, याची मला आजही खंत वाटते.

प्रश्न : शरणागतीनंतर इटली दोस्त राष्ट्रांत सामील झाला का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. इटलीने १३ ऑक्टोबर १९४३ ला जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले, तरी त्याला बरोबरीने लढणारा देश एवढाच दर्जा मिळाला. १० फेब्रुवारी १९४७ च्या पॅरिस तहात त्याला आफ्रिकेतील वसाहती सोडाव्या लागल्या आणि नुकसानभरपाईही मान्य करावी लागली. त्या तहावर भारताचीही सही आहे, स्वातंत्र्याच्या सहा महिने आधीची.