आयजीएफ-१ कमी आले, म्हणजे यकृत बिघडले का?

प्रश्न : मुलगा १० वर्षांचा, उंची १२६ सेंमी. गेल्या वर्षी १२१ होती. वर्गात सर्वांत बुटका. सकाळच्या रक्ततपासणीत ग्रोथ हॉर्मोन ०.३ नॅनोग्रॅम आणि आयजीएफ-१ (वाढीला लागणारे आणखी एक हॉर्मोन) कमी आले. हे यकृतात तयार होते म्हणतात, मग लिव्हर टॉनिक सुरू करावे का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : टॉनिक नको. त्याने आयजीएफ-१ वाढत नाही.

ग्रोथ हॉर्मोन मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीतून झटक्याझटक्याने सुटते, बरेचसे गाढ झोपेत, आणि वीसेक मिनिटांत रक्तात निम्म्यावर येते. त्यामुळे सकाळचे ०.३ निरर्थक आहे; ती तपासणी करायलाच नको होती. याच हॉर्मोनच्या सांगण्यावरून यकृत आयजीएफ-१ बनवते. रक्तातले सुमारे तीन चतुर्थांश तिथूनच येते आणि प्रथिनांना बांधलेले असल्याने दिवसभर स्थिर राहते. हाडांच्या वाढपट्ट्या मात्र आपले आयजीएफ-१ स्वतःही बनवतात. यकृतातले त्याचे जनुक बंद केलेले उंदीर जवळपास नेहमीसारखेच वाढले, हे १९९९ मध्ये दिसले आहे.

आधी रिपोर्टवरची संदर्भमर्यादा मुलाच्या वयाची आहे ना, ते बघा. मोठ्यांची छापली असेल तर आकडा उगाच कमी दिसतो. खरेच कमी असेल, तर पहिला संशय खाण्यावर. उष्मांक आणि प्रथिने कमी पडली, की यकृत ग्रोथ हॉर्मोनला दाद देत नाही. नुसत्या पेजेवर आणि बिस्किटांवर मूल वाढत नाही. मासेमारीबंदीच्या दोन महिन्यांत नुस्ते (मासे) नसेल तर अंडी, अळसांदे (चवळी), मूग, दूध रोज हवे. त्यानंतर थायरॉईड, सेलिअॅक (गव्हाच्या ग्लुटेनने आतडे बिघडणे), यकृताचा जुना आजार. त्यासाठी टीएसएच (थायरॉईडसाठी), टीटीजी व एकूण आयजीए (सेलिअॅकसाठी), एसजीपीटी, अल्ब्युमिन (यकृतासाठी) या रक्ततपासण्या आणि डाव्या मनगटाचा एक्स-रे पुरे. एक्स-रेमध्ये हाडांचे वय मागे असेल, तर वयात येणे उशिरा असू शकते, आणि तेव्हाही आयजीएफ-१ वयाच्या मानाने कमी दिसते.

वर्षाला ५ सेंमी ही वाढ या वयाला ठीक आहे, अर्थात दोन्ही मापे नीट घेतली असतील तर. अनवाणी, टाचा भिंतीला, नजर समोर, डोक्यावर काटकोनात पुस्तक, आणि दर वेळी सकाळीच; संध्याकाळपर्यंत उंची सेंटीमीटरभर उतरू शकते. सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. वेग वर्षाला ४ सेंमीच्या खाली असेल, तर बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) बालरोग विभागात दाखवा. गरज वाटल्यास तिथले डॉक्टर उत्तेजन चाचणी सुचवतील. त्यात उपाशीपोटी ग्रोथ हॉर्मोन सुटायला लावणारे औषध देऊन ठरावीक अंतराने रक्त घेतात. क्लोनिडिन हे औषध दिले तर रक्तदाब उतरतो, म्हणून मुलाला देखरेखीखालीच ठेवावे लागते. त्याआधी कोणी ग्रोथ हॉर्मोनची इंजेक्शने सुचवली, तर घेऊ नका.