एप्रिलमधलं पॅरिस आणि बाजाराच्या सकाळी

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा कार्यक्रम वाचला. एप्रिलचा शेवटचा आठवडा आणि मेची सुरुवात तू पॅरिसमध्ये असणार, याचा मला तुझ्याइतकाच आनंद झाला आहे. आयफेल टॉवर, लूव्र, व्हर्साय, नोत्र दाम, सगळं तू लिहून काढलं आहेस. ते बघच. नोत्र दाम तर २०१९ च्या एप्रिलमध्ये जळालं आणि २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा उघडलं. आतला दगड धुऊन असा उजळला आहे की आम्ही पाहिलेलं काळवंडलेलं देऊळ ते हेच का, असं वाटावं. पण तुझी प्रत्येक सकाळ कुठल्या ना कुठल्या रांगेत जाते आहे. त्यातल्या तीन सकाळी मला दे. तिन्ही सकाळी एकाच बाजारात जा.

एकाच का, तर पहिल्या दिवशी बाजार नुसता डोळ्यांत भरतो. दुसऱ्या खेपेला तू भाव ताडून बघू लागशील. तिसऱ्या खेपेला विकणारी बाई तुला ओळखेल, आणि मग ती आपणहून बोलेल. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलीला त्या बोलण्यातून जे कळेल, ते दहा बाजारांत एकेकदा फिरून कळणार नाही.

माझं मत विचारशील तर आलीग्रच्या बाजाराला जा. बॅस्टिलपासून चालत जाण्याइतका जवळ आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाजी-फळांचे गाळे, मधल्या चौकात जुन्या वस्तू मांडून बसलेले लोक आणि बाजूला बोव्हो नावाची बंदिस्त मंडई. सोमवारी बाजार बंद असतो. बाकी दिवशी सकाळी भरतो आणि दुपारी दीडच्या सुमारास आवराआवर सुरू होते, शनिवार-रविवारी थोडी उशिरा. मंगळवारी लूव्र बंद असतं, त्यामुळे मंगळवारची सकाळ तुझी मोकळीच आहे. ती इथे घाल.

आता वागण्याचं. तिथे गाळ्यापुढे उभं राहिल्यावर पहिला शब्द ‘बोंजूर’. भाव नंतर विचारायचा. तू आधी ‘हे केवढ्याला?’ असं थेट विचारलंस तर समोरच्याला तो उद्धटपणा वाटतो आणि तो तुटक उत्तर देतो. मग आपली माणसं परत येऊन सांगतात, पॅरिसचे लोक तुसडे. तसं नाही. आपण दारातून आत जाताना नमस्कार केला नाही, इतकंच झालेलं असतं. दुसरं म्हणजे मालाला हात लावायचा नाही. मंडईत आपण टोमॅटो दाबून बघतो, वांगी उलटीसुलटी करतो. तिथे निवडून देण्याचं काम विकणाऱ्याचं. कुठे कुठे वाडगं पुढे करतात, तेव्हा आपण निवडायचं. तू फक्त सांगायचं की फळ आज खायचं आहे की परवा. तो त्याप्रमाणे पिकलेलं किंवा कच्चं काढून देतो, आणि त्याचा त्याला अभिमान असतो. भाजी-फळांत घासाघीस चालत नाही. बाजार उठायच्या वेळी मात्र आलीग्रचे विक्रेते आपणच ओरडून भाव उतरवतात. जुन्या वस्तूंच्या चौकात हळू आवाजात थोडं कमी करा म्हटलं तर कुणाला राग येत नाही.

कापडी पिशवी घरूनच ने. भाजीबाजारातल्या पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्या फ्रान्समध्ये २०१७ पासून बंद आहेत. सुटी नाणीही जवळ ठेव. लहान खरेदीला प्रत्येक जण कार्ड घेईलच असं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतलं, ती सांगते. एप्रिलअखेर तिथे स्ट्रॉबेरीचा हंगाम भरात येतो. तुझ्या भिलारच्या शेतात तेव्हा शेवटचे तोडे चालू असतील, म्हणजे तू इकडचा हंगाम संपताना निघशील आणि तिकडच्या हंगामात उतरशील. गाळ्यावरची पाटी नीट वाच. पाटीवर किलोचा किंवा डब्याचा भाव असतो, माल कुठून आला ते लिहावंच लागतं, आणि स्ट्रॉबेरीवर बहुधा वाणाचं नावही असतं. गारिगेत, सिफ्लोरेत, शार्लोत, मारा दे ब्वा. गारिगेत लांबट, टोकदार, नारिंगीकडे झुकणारी लाल, आंबटगोड आणि अतिशय सुवासिक. फ्रान्सच्या सरकारी कृषी संशोधन संस्थेने ती १९७० च्या दशकात तयार केली. नाजूक असते, जास्त दिवस टिकत नाही, त्यामुळे महाग. तिच्या शेजारीच स्पेनहून आलेली स्ट्रॉबेरी असेल. ती मोठी, टणक, एकसारखी आणि निम्म्या भावाची.

दोन्हींचा एकेक डबा घे आणि बाकावर बसून खाऊन बघ. मग घेणाऱ्यांकडे लक्ष दे. म्हातारी माणसं डब्यावर वाकून वास घेतात, वाणाचं नाव घेऊन मागतात. गिऱ्हाइकाला वाणाचं नाव पाठ आहे म्हणून शेतकरी नाजूक वाण लावण्याचं धाडस करतो. आपल्याकडे बाबा स्वीट चार्ली लावोत की कॅमरोझा, मुंबईच्या गिऱ्हाइकाला ती ‘महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी’ एवढीच माहीत. भौगोलिक मानांकनामुळे गावाचं नाव राखलं गेलं, हे मोठं काम झालं. पण वाणाचं नाव ताटापर्यंत पोचलेलं नाही. मला वाटतं, तुझ्या पिढीला इथे करण्यासारखं खूप आहे.

आलीग्रच्या रस्त्यावरचे बहुतेक विक्रेते घाऊक बाजारातून माल आणून विकणारे आहेत. स्वतः पिकवून विकणारा ओळखायची एक सोपी खूण आहे. त्याच्या टेबलावर मोजकाच माल असतो, तोही त्या आठवड्याचा: मुळे, पालक, नवे बटाटे, कांद्याची पात. केळी आणि अननस दिसले की समजायचं, हा शेतकरी नव्हे. असे शेतकरी भेटायला एखाद्या रविवारी रास्पाय रस्त्यावरच्या सेंद्रिय बाजारात जा. तिथे भाव चढे आहेत, पण मातीचे हात असलेल्या माणसाशी बोलता येतं. फ्रेंच तोडकं असलं तरी ‘माझे वडील स्ट्रॉबेरी पिकवतात’ एवढं वाक्य पाठ करून जा. मग बघ समोरचा कसा बोलता होतो ते.

शतावरी चुकवू नकोस. औषधातली नव्हे, भाजीची. पांढरे जाड दांडे जुडी बांधून ठेवलेले दिसतील. रोप हिरव्या दांड्यांच्या भाजीचंच, पण कोंब वर येऊ लागला की माती चढवतात, ऊन लागू देत नाहीत, म्हणून ते पांढरे राहतात. ते जेमतेम दोन महिने मिळतात. शेळीचं ताजं चीजही याच दिवसांतलं. शेळ्या हिवाळ्याच्या शेवटी वितात, कोवळा चारा मिळतो, आणि वसंतात दूध वाढतं. तू शाकाहारी आहेस म्हणून सांगून ठेवते: तिथल्या बऱ्याच पारंपरिक चीजमध्ये दूध साकळायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. विचारून घे. पाव घेताना ‘त्रादिस्यों’ म्हणून माग. त्या पावाचे नियम १९९३ च्या सरकारी आदेशाने ठरले आहेत. कणीक गोठवायची नाही आणि बाहेरचे मिश्रक पदार्थ घालायचे नाहीत.

हे सगळं पिशवीत भरलं की जवळच जुन्या रेल्वेच्या दगडी कमानींवर केलेली बाग आहे, तिथे जिना चढून जा. बॅस्टिलहून निघणारी ती रेल्वे १९६९ साली बंद पडली आणि १९९० च्या दशकात तिच्या रुळांच्या जागी झाडं आली. त्या दिवसांत तिथे गुलाबाच्या वेली आणि फुलझाडं बहरू लागलेली असतात, आणि खालचा रस्ता तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून दिसतो. जेवण तिथेच कर.

त्याच १९६९ मध्ये पॅरिसचा मध्यवर्ती घाऊक बाजारही शहराबाहेर गेला, आणि हा इतिहास तू पायी चालून बघावास असं मला फार वाटतं. ले आल नावाच्या जागी बाराव्या शतकापासून बाजार भरत होता. एकोणिसाव्या शतकात व्हिक्तोर बाल्तारने तिथे लोखंड आणि काचेचे प्रशस्त मंडप उभारले. पुढे शहर इतकं दाटलं की रात्रीच्या गाड्यांनी रस्ते तुंबू लागले, आणि सगळा घाऊक व्यापार दक्षिणेला रंजिसला हलवला. मंडप १९७१ पासून पाडले. एक तेवढा नोजाँ या गावी नेऊन वाचवला. आज जागेवर भुयारी स्टेशन आणि दुकानांचं संकुल आहे. मी तुला तिथे खरेदीला पाठवत नाही. शेजारच्या सँ उस्ताशच्या चर्चमध्ये जा. एका बाजूच्या देवघरात रेमंड मेसन या शिल्पकाराचं रंगीत शिल्प आहे: २८ फेब्रुवारी १९६९ च्या रात्री भाजी-फळांच्या पाट्या, हातगाड्या घेऊन शहर सोडून निघालेली माणसं. कोबी, गाजरं, थकलेले चेहरे. त्यापुढे थोडा वेळ उभी राहा.

आपल्याकडेही तेच घडलं. क्रॉफर्ड मार्केट १८६९ चं, पण मुंबईचा घाऊक व्यापार १९८० आणि ९० च्या दशकांत टप्प्याटप्प्याने वाशीला गेला. तुझे बाबा पेट्या तिकडेच पाठवतात, अडत्याची पट्टी तिकडूनच येते. दोन्ही ठिकाणी कारण सारखंच, गर्दी. फरक पुढचा आहे. रंजिस झाल्यावरही पॅरिसने वस्त्यावस्त्यांतले आठवडी बाजार सोडले नाहीत. महापालिका त्यांना रस्त्याची जागा देते, वार ठरवून देते, बाजार उठला की रस्ता धुऊन काढते. दुपारी तीनला जाऊन बघशील तर सकाळी इथे बाजार होता यावर विश्वास बसणार नाही. पुण्यात-मुंबईत शेतकरी आठवडी बाजार सुरू झाले आहेत, त्यांना ही शिस्त आणि ही हक्काची जागा मिळाली तर काय होईल, याचा विचार मला नेहमी पडतो.

बाकीचं थोडक्यात. नोत्र दामच्या बेटावरचा फुलांचा बाजार वाटेतच आहे, बघून घे. सेंतुआँचा जुन्या वस्तूंचा बाजार प्रचंड आहे, पण स्टेशनच्या आसपास खिसेकापू फिरतात, म्हणून पर्स पुढे धर. घरच्या चवीची आठवण आली तर गार द्यू नोर स्टेशनच्या मागे ला शापेल या वस्तीत श्रीलंकेच्या तमिळ लोकांची दुकानं आहेत. कढीपत्ता, शेवगा, भेंडी, सगळं मिळतं.

हवेवर भरवसा ठेवू नकोस. सकाळी स्वेटर, दुपारी ऊन, चारला सर, असं एकाच दिवशी होतं. छत्री जवळ असू दे. उजेड रात्री नऊपर्यंत असतो, त्यामुळे दुपारी तासभर आडवी झालीस तरी दिवस पुरतो. एक मेला बहुतेक मोठी संग्रहालयं बंद असतात, पण त्या दिवशी कोपऱ्याकोपऱ्यावर लोक म्यूगे नावाच्या पांढऱ्या घंटांसारख्या फुलांच्या काड्या विकत उभे असतात, आणि लोक त्या एकमेकांना शुभेच्छा म्हणून देतात. तू उतरशील त्या घरच्या बाईंसाठी एक घे.

आणि स्ट्रॉबेरीच्या पाट्यांचे फोटो काढ, आधी विचारून. वाण, गाव, भाव, डब्याचं वजन, चारही गोष्टी दिसू देत. आलीस की बाबांना घेऊन माझ्याकडे ये, आपण तिघं बसून ते नीट बघू.

तुझी,
बाई