आजोळची एकच लहान खोली लख्ख आठवते, दिवाणखाना आठवत नाही, असे का?

घर नव्याने बांधताना ती खोली पाडावी का, असेही आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर थोडक्यात देता येते. मेंदूशास्त्रज्ञ जॉन ओकीफ यांना १९७१ साली उंदरांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पसमध्ये, प्राणी ठरावीक जागी आला की जाग्या होणाऱ्या पेशी आढळल्या आणि २०१४ मध्ये मोझर दांपत्यासह त्यांना नोबेल मिळाले. घडलेले प्रसंग साठवण्यातही मेंदूचा हाच भाग गुंतलेला असतो, म्हणून जागा आणि तिथले प्रसंग एकत्रच आठवत असावेत. दिवाणखाना का आठवत नाही, हे मात्र त्यातून कळत नाही. माझ्या मते तो पाहुण्यांचा असतो आणि तिथे मुलांना गप्प बसवले जाते, एवढेच त्याचे कारण आहे.

आमच्या कोकणातल्या घरी माजघराला लागून बाळंतिणीची खोली होती. चिऱ्याच्या भिंती, खिडकी नाही, उजेड काय तो काचेच्या एका कौलातून येई तेवढाच. बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागल्यावर तिथे भाताची कणगी आली आणि वैशाखात आंब्यांची अढी घातली जाऊ लागली; तरीही पावसाळ्यात भिंती ओलावल्या की वावडिंगाच्या धुरीचा वास येतो, असे आजी म्हणे आणि मग आम्हालाही तो येई. दुपारी मोठी माणसे आडवी झाली की मी आणि माझी चुलत बहीण तिथे शिरत असू. कौलातून पडलेला उजेडाचा चौकोन सारवलेल्या जमिनीवरून सरकत कणगीला टेकेपर्यंत गोष्ट संपवायची, असा आमचा नियम होता. ती संपली नाही, तर राजा कणगीत अडकून पडे आणि दुसऱ्या दिवशी आधी त्याची सुटका करावी लागे. आज मी जे काही लिहिते, त्याची सवय तिथेच लागली.

पर्यटकांसाठी खोल्या काढताना थोरल्या भावाने त्याच खोलीची भिंत पाडून संडास-बाथरूम जोडले. ‘नुसती अडगळ होती,’ असे तो अजूनही म्हणतो. अडगळ काढायला भिंत पाडावी लागत नाही, आणि कोकणात येणाऱ्या पाहुण्याला शहरातल्यासारखीच पीओपीची छते दाखवण्यात कसले शहाणपण आहे, हे मला आजही समजलेले नाही.

अर्थात, मुंबईच्या बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांत वाढलेल्यांना वेगळी खोली नव्हतीच. त्यांचे हे सारे खाटेखाली किंवा पोटमाळ्यावर झाले असणार. शिवाय माझी काकू त्या खोलीत कधीच पाऊल टाकत नसे, कारण तिचे पहिले मूल तिथेच गेले होते. तेव्हा आपण काय करावे, हे मी सांगू शकत नाही. मात्र ठरवण्यापूर्वी घरातल्या थोरल्या बायकांना अवश्य विचारा. आमच्याकडे तो निकाल पुरुषांनी ओटीवर बसून, चहा संपण्याच्या आत लावला आणि काकूलासुद्धा कुणी विचारले नाही.