जपानहून आणलेली इलेक्ट्रिक बिडे सीट आपल्याकडच्या कमोडवर बसवता येईल का?

तुम्ही लिहिलंय की भाऊ जपानहून बिडे सीट (बटण दाबलं की पाण्याने आपोआप धुणारी, विजेवर चालणारी कमोडची सीट) आणतोय, सासूबाईंसाठी हवी आहे, आणि प्लंबर म्हणतो अर्ध्या तासाचं काम आहे.

आधी भावाला थांबवा. जपानमधली घरगुती वीज १०० व्होल्टची, आपली २३०. तिथली सीट इथे थेट लावली तर जळेल. ट्रान्सफॉर्मरचा सल्ला मिळेल, पण ओल्या बाथरूममध्ये तो ठेवायला मी कुणालाच सांगणार नाही. २३० व्होल्टच्या सीट इथेच मिळतात.

मी पुण्यात आईसाठी बसवली. तिचा उजवा खांदा आखडला होता, जेट स्प्रे धरून हात मागे जात नव्हता, आणि हे सांगायचाही तिला संकोच वाटायचा. त्यामुळे तुमची घाई मला समजते.

प्लंबरचं म्हणणं चुकीचं नाही. अँगल कॉक बंद करायचा, फ्लशच्या टाकीचा पाइप सोडवायचा, मधे टी (तीन तोंडांचा जोड) लावून सीटचा पाइप जोडायचा. खरं काम विजेचं आहे आणि ते प्लंबरचं नाही. आमच्या सीटवर १,४०० वॅट लिहिलंय, म्हणजे ६ अँपियरच्या थोडं वरच. त्यामुळे १६ अँपियरचं वेगळं सॉकेट हवं. गीझरच्या सॉकेटवरून जोड किंवा एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको.

आमच्याकडे गीझरशेजारी तीन भोकांचं सॉकेट आधीच होतं. मला वाटलं, झालं काम. वायरमनने फेज आणि अर्थच्या मधे बल्ब लावून बघितला, तो पेटलाच नाही. बोर्ड उघडला तर हिरवी वायर अर्ध्यात कापलेली आणि वर काळी टेप गुंडाळलेली. त्या सॉकेटवर इतकी वर्षं अर्थिंगच नव्हतं! माणूस ओल्या अंगाने बसणार, खाली पाणी आणि वीज एकत्र. अशा ठिकाणी अर्थिंग आणि ३० मिलिअँपियरची आरसीसीबी दोन्ही पाहिजेत. आरसीसीबी म्हणजे बोर्डातला सुरक्षा स्विच; विजेची गळती झाली की ती क्षणात पुरवठा तोडते. तिच्यावरचं टेस्टचं बटण मी महिन्यातून एकदा दाबून बघतो. बल्बची तपासणी मात्र स्वतः करू नका, वायरमनकडूनच करून घ्या.

सीट घेण्याआधी कमोड मोजा: मागच्या दोन बोल्टच्या भोकांमधलं अंतर, तिथपासून पुढच्या काठापर्यंतची लांबी, आणि आकार गोल की लांबट. तुम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर राहत असाल तर पाण्याचा दाबही बघा. गच्चीवरची टाकी सीटपेक्षा १० मीटर उंच असेल तर साधारण १ बार मिळतो, ३ मीटरवर जेमतेम ०.३. आमच्या सीटला किमान ०.५ लागतो. बोअरचं जड पाणी असेल तर पाण्याच्या जोडावर फिल्टर लावा, नाहीतर नोझलवर क्षार बसतात.

आणि एक. रिमोटवर नुसती चित्रं होती, आई गोंधळायची. पहिल्या दिवशी पाणी बंद कसं करायचं तेच तिला कळेना, घाबरून हाका मारत होती. मग मी बटणांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या: ‘मागे’, ‘वारा’, आणि लाल शाईत मोठं ‘थांब’. सासूबाईंना पहिल्यांदा बसवण्याआधी त्यांच्याकडून ते बटण दोनतीनदा दाबून घ्या.