पायाचा डॉपलर शिकताय? आधी एवढंच

पेन डॉपलरने, म्हणजे धमनीतल्या रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या पेनासारख्या छोट्या यंत्राने सुरुवात करताय, हे उत्तम. प्रवाह पडद्यावर रंगात दाखवणाऱ्या कलर डॉपलरची बटणं नंतर येतील, आधी कान तयार होऊ द्या.

डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सकाळच्या ओपीडीला येणाऱ्यांचे पाय गारठलेले असतात. रक्तवाहिन्या आकसतात, सिग्नल क्षीण येतो आणि नवखा माणूस लगेच 'ब्लॉक' लिहून मोकळा होतो. पेशंटला दहा मिनिटं आडवं झोपवा, पायांवर पांघरूण घाला, मगच प्रोब (यंत्राचं त्वचेवर टेकवायचं टोक) लावा.

- प्रोब दाबू नका. पावलावरची धमनी अगदी त्वचेखाली असते, दाबली की प्रवाहच थांबतो. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. जेल मात्र सढळ हाताने घ्या.
- प्रोब उभा नको, त्वचेशी ४५ ते ६० अंशांत तिरका धरा.
- आतल्या घोट्यामागची पोस्टेरियर टिबियल धमनी कधीच वगळू नका. पावलावरची डॉर्सालिस पेडिस धमनी काहींना जन्मतःच नसते किंवा फार बारीक असते.

मधुमेह असेल तर जास्त सावध राहा. कॅल्शियम साचून कडक झालेली धमनी रक्तदाबाच्या पट्ट्याने (कफने) दबत नाही, त्यामुळे एबीआय (घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर) १.४ च्याही वर जातो. तो आकडा चांगला नव्हे! तिथे आवाजावर भरवसा ठेवा: निरोगी धमनीत सहसा तीन टप्पे ऐकू येतात, अडथळ्याच्या पुढे एकच, मंद आणि लांबलेला. जखम असलेल्या पायाला 'नॉर्मल' लिहिण्याआधी वरिष्ठांना जरूर ऐकवा.